झाडांचा पाडवा

आपला पाडवा चैत्रात येतो, व्यापाऱ्यांचा दिवाळीत येतो आणि सरकारी हिशेबाचा एप्रिलच्या पहिल्या तारखेला. पण झाडांनाही स्वतःचा पाडवा असतो असे कोणी सांगितले, तर तुम्ही म्हणाल, साहेबांना ऊन लागले. ऊन लागलेले नाही. ज्यू लोकांच्या पंचांगात असा एक दिवस खरोखरच आहे. त्याची लेखी नोंद अठराशे वर्षांपूर्वीची आहे आणि त्या दिवसाची गाणी आजही लहान पोरांच्या तोंडी आहेत. आज तुम्हांला त्या गाण्यांच्या मुलखात घेऊन जायचे आहे.

२०१८ च्या जानेवारीअखेर द्राक्ष व डाळिंब बागायतदारांच्या एका तुकडीबरोबर इस्राएलला जाण्याचा योग आला. ठिबक, खताच्या मात्रा, खारट पाण्याचा वापर हे सारे पाहिले. त्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली, ती सांगतो.

तारीख होती ३१ जानेवारी. आपल्याकडे त्या दिवशी माघी पौर्णिमा. आमची गाडी कार्मेल डोंगराच्या दक्षिण टोकाला, झिख्रोन याकोव्ह या गावाजवळून चालली होती. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे डोंगर आपल्या श्रावणासारखे हिरवे होते. रस्त्याच्या कडेला पंचवीस-तीस मुले, दोन बाई आणि मातीचा ढीग दिसला. प्रत्येक मुलाच्या हातात रोपाची पिशवी. एका हाताने रोप धरायचे, दुसऱ्या हाताने माती लोटायची आणि तोंडाने गाणे चालूच. आमच्यातले एक बागायतदार म्हणाले, "साहेब, यांचा वनमहोत्सव दिसतोय." वाटाड्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आज तू बिश्वात. झाडांचे नवे वर्ष."

सारा भरायची तारीख

या नावातला 'तू' म्हणजे आपला 'तू' नव्हे. हिब्रू भाषेत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'तेत' म्हणजे ९ आणि 'वाव' म्हणजे ६. दोन्ही मिळून 'तू', म्हणजे १५. शेवात महिन्याची पंधरावी तिथी ती तू बिश्वात. १० आणि ५ अशीही अक्षरे लिहिता आली असती, पण ती अक्षरे देवाच्या नावात येतात, म्हणून आकडा लिहिताना ती टाळायची अशी रीत आहे. त्यांचा महिनाही आपल्यासारखा चंद्रावर चालतो आणि त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. म्हणून पंधरावी तिथी म्हणजे नेहमी पौर्णिमाच, आणि ती जानेवारी-फेब्रुवारीत येते.

आता गंमत अशी, की हा दिवस मुळात सणाचा नव्हेच. तो साऱ्याचा दिवस. जुन्या काळी फळांचा दहावा हिस्सा धर्मासाठी काढून ठेवावा लागे. कोणते फळ कोणत्या वर्षाच्या हिशेबात धरायचे, यासाठी एक तारीख हवी होती. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या धर्मग्रंथात चार नवी वर्षे सांगितली आहेत, त्यांतले एक झाडांचे. एका गुरूच्या परंपरेने शेवातची पहिली तारीख धरली, दुसऱ्याच्या परंपरेने पंधरावी. पंधरावी टिकली. तिचे कारण असे दिले आहे, की वर्षाचा बहुतेक पाऊस तोवर पडून गेलेला असतो. मुळांनी पाणी घेतलेले असते, आणि यापुढे झाड जे फुलेल ते नव्या पाण्यावरचे. तुम्ही आम्ही मृग बहर, हस्त बहर म्हणतो, तेही पाण्याच्याच हिशेबाने. तेव्हा ही तारीख ठरवणाऱ्यांनी बागेत उभे राहून ती ठरवली होती, हे फळबागवाल्याला वेगळे सांगायला नको.

मग इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. पुढच्या शतकांत ज्यू लोक देशोदेशी पांगले. कित्येक देशांत त्यांना जमीन धारण करायलाही बंदी होती. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने साऱ्याच्या तारखेचे काय करायचे? त्यांनी ती फळे खायची आणि गाणी म्हणायची तारीख करून टाकली. पोलंड-रशियात त्या दिवसांत गुडघाभर बर्फ. तिथे सुकी अंजिरे, मनुका आणि कॅरोबच्या शेंगा आणून खात. कॅरोब आपल्या ओळखीचा नाही. चिंचेसारख्या लांब, गोडसर शेंगांचे ते झाड. भूमध्य समुद्राच्या काठी, तुर्की राज्यात राहणारे ज्यू लोक जुन्या स्पॅनिश वळणाच्या बोलीत फळांची गाणी म्हणत. त्यांत फळे एकमेकांशी भांडतात, प्रत्येक म्हणते मीच थोर. गालील प्रांतातल्या सफेद या डोंगरी गावात सोळाव्या शतकात मोठे साधुपुरुष होऊन गेले. त्यांच्या परंपरेतून या रात्री फळांचे ताट मांडण्याचा विधी निघाला. आधी सालीची फळे, मग आठळीची, शेवटी सगळे खाता येते अशी. मधूनमधून द्राक्षारसाचे चार प्याले, पहिला पांढरा, शेवटचा लाल. हिवाळा संपून झाडे रंग धरतात, तसे.

रोप लावण्याची रीत अलीकडची आहे. १८९० मध्ये याच झिख्रोन याकोव्हमध्ये झेएव याव्हेत्झ नावाच्या शिक्षकाने तू बिश्वातला शाळेतली मुले बाहेर काढली आणि झाडे लावली. पुढे शिक्षकांच्या संघटनेने ती रीत सगळीकडे नेली. म्हणजे आम्हांला दिसलेली मुले सव्वाशे वर्षांच्या रांगेतली शेवटची होती.

बदाम आधी उठतो

मुले जे गाणे म्हणत होती ते बदामाचे. इस्राएल दुशमान यांनी ते लिहिले आणि मेनाशे राविना यांनी त्याला चाल लावली. बदाम फुलला, ऊन पडले, पक्षी बोलू लागले, झाडांचा सण आला, असा साधा बडबडगीतासारखा त्याचा आशय. हा बदाम म्हणजे आपल्या अंगणातला मोठ्या पानांचा देशी बदाम नव्हे, तर मेव्यातला. पान फुटण्याआधी त्याची निष्पर्ण फांदी पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जाते, आपल्या पळसासारखी. हिवाळ्यात बाकीची झाडे झोपलेली असताना तो उठतो. हिब्रूत बदामाला 'शाकेद' म्हणतात, आणि त्याच धातूचा दुसरा अर्थ जागा राहणे, राखण करणे. यिर्मया नावाच्या संदेष्ट्याच्या ग्रंथात या दोन अर्थांवर कोटी केलेली आहे. शेतावर राखणीला बसणाऱ्याला हे नाव आवडेल.

गाणाऱ्या ओंब्या

झाडाचे गाणे ही या लोकांची जुनी खोड आहे. त्यांच्या स्तोत्रांत रानातली झाडे देवापुढे आनंदाने गातात, नद्या टाळ्या वाजवतात. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवसासाठी जे खास स्तोत्र आहे त्यात भल्या माणसाला खजुराची आणि देवदाराची उपमा दिलेली आहे, म्हातारपणीही तो फळ देतो आणि रसरशीत राहतो, अशी. वसंतातल्या वल्हांडण सणाला 'गीतरत्न' वाचतात. प्रेमिकांचे ते काव्य, पण त्यात पाऊस सरल्याची, अंजिराला फळ धरल्याची, द्राक्षवेलीच्या फुलोऱ्याच्या वासाची खबर आहे. आपल्या नाशिककडच्या बागायतदाराला फुलोऱ्यातल्या द्राक्षबागेचा तो मंद वास ठाऊक आहे. ज्याने हे लिहिले तो बागेतून चाललेला होता, एवढे नक्की.

'पेरेक शिरा' नावाची एक लहानशी पोथी आहे. तिच्यात सृष्टीतल्या प्रत्येकाला गाण्याची एकेक ओळ वाटून दिलेली आहे. आकाशाला एक, समुद्राला एक, पावसाला एक. मग झाडांची पाळी: द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, खजूर. मग गव्हाच्या ओंबीची, जवाच्या ओंबीची, भाजीपाल्याची, गवताची. पुढे कोंबडा, बेडूक, मुंगीसुद्धा. मला यात सगळ्यांत भावले ते हे, की गव्हाला एक ओळ आणि गवतालाही एक ओळ. आपण ज्याला तण म्हणून उपटतो त्याचाही त्या मैफलीत पाट मांडलेला आहे.

त्यांच्या ग्रंथात त्या भूमीची सात पिके सांगितली आहेत: गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि मध. हा मध म्हणजे खजुराचा पाक, असे जाणकार सांगतात. सातांपैकी जव, ऑलिव्ह आणि खजूर वगळले तर बाकीची आपल्या महाराष्ट्रातली चलनी पिके. आमच्या सोबतचे सांगोल्याचे डाळिंबवाले ही यादी ऐकून खूश झाले.

गाण्यांबरोबर नियमही आहेत, आणि ते खाते चालवणाऱ्या माणसाला शोभतील असे नेमके आहेत. फळझाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही. चौथ्या वर्षीचे देवाचे. पाचव्या वर्षापासून मालकाचे. आम्ही आंब्याच्या कलमाला पहिली तीन-चार वर्षे मोहर खुडायला सांगतो, ते झाडाचे अंग भरावे म्हणून. तिथे कारण धर्माचे सांगितले आहे, पण झाडाला मिळतो तो आरामच.

दुसरा नियम युद्धाचा. शहराला वेढा घातला तरी तिथली फळझाडे तोडायची नाहीत. झाड म्हणजे काही तुमच्याशी लढायला आलेला माणूस नव्हे. हा नियम मी मुद्दाम सांगतो, कारण त्या भूमीवर ज्यू आणि अरब अशा दोघांचाही जीव आहे आणि दावाही आहे. ऑलिव्हची जुनी झाडे अरब शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आहेत. तिथल्या भांडणात झाडे तोडली आणि जाळलीही गेली आहेत, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पेटलेल्या युद्धाने माणसे, घरे, बागा सगळ्यांचीच राख केली. नियम किती जुना आहे यापेक्षा तो पाळला जातो का, हेच झाडाला कळते.

पाऊस मागायची वेळ

त्यांच्या प्रार्थनेत पाऊस आणि दव यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास मांडवांचा सण संपतो, तेव्हा पावसाची प्रार्थना गातात. एप्रिलच्या सुमारास वल्हांडण सणाला ती थांबवून दवाची गातात. कारण उघड आहे. तिथे एप्रिलनंतर ऑक्टोबरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. उन्हाळ्यात पाऊस मागणे म्हणजे देवाला अडचणीत टाकणे. पण दव पडते, आणि कोरड्या रानातल्या वेलींना त्याचा आधार असतो. मंगळवेढ्याच्या शाळूवाल्यांना दवाचे मोल मी काय सांगावे! पहिल्या पावसाला 'योरे' आणि शेवटच्या पावसाला 'मालकोश' अशी वेगळी नावे आहेत. आपण वळीव, मृग आणि परतीचा म्हणतो, तशीच.

ज्यू लोक जगात जिथे गेले तिथे ही वेळ घेऊन गेले. पोलंडच्या बर्फातही एप्रिलमध्ये दवाचे गाणे. आपल्या कोकणातल्या सिनेगॉगमध्येही आश्विनात पावसाचे गाणे, आणि बाहेर खाचरात भात कापणीला आलेला! कोकणातला शेतकरी त्या वेळी हात जोडून म्हणतो, बाबा, आता पंधरा दिवस येऊ नकोस. पण गाणे कोकणच्या पावसाचे नव्हतेच. ते दूरच्या एका कोरड्या रानाचे होते. ज्या जमिनीवर पाय नाही तिच्या पावसाची काळजी या लोकांनी शेकडो वर्षे वाहिली.

तळ्याकाठची नीलगिरी

चौथ्या दिवशी गालीलच्या तळ्याकाठी गेलो. त्याला किनेरेत म्हणतात. गोड्या पाण्याचे हे तळे समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे. काठाला नीलगिरीची जुनी झाडे आणि त्यांच्याजवळ एक लहान दफनभूमी. तिथे दोन बायकांच्या समाध्या आहेत, दोघीही गाण्यासाठी नावाजलेल्या.

पहिली राहेल. रशियात १८९० मध्ये जन्मलेली ही मुलगी १९०९ मध्ये इकडे आली आणि याच तळ्याकाठच्या मुलींच्या शेतकी शाळेत कुदळ चालवायला शिकली. पुढे फ्रान्सला जाऊन तिने शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात तिला क्षयाने गाठले. परत आल्यावर रोगाच्या भीतीने तिला शेतवस्ती सोडावी लागली, आणि उरलेली वर्षे तिने शहरातल्या खोलीत काढली. तिथे बसून तिने तळ्यावर, शेतावर, खिडकीतून दिसणाऱ्या फुललेल्या नास्पतीच्या झाडावर कविता लिहिल्या. १९३१ मध्ये ती गेली. तिच्या कवितांना चाली लागल्या आणि त्या घरोघर गेल्या. तिच्या समाधीजवळ एका पेटीत तिच्या कवितांचे पुस्तक ठेवलेले असते. येणाऱ्याने बसावे, वाचावे, परत ठेवावे. २०१७ पासून इस्राएलच्या वीस शेकेलच्या नोटेवर तिचे चित्र आहे. शेती शिकलेली कवयित्री नोटेवर! आमच्यातल्या एकाने ती नोट खर्चायची नाही असे ठरवले.

दुसरी नाओमी शेमेर, १९३० मध्ये याच काठच्या वस्तीवर जन्मली आणि २००४ मध्ये गेली. वस्तीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९६३ मध्ये, तिने नीलगिरीच्या बनाचे गाणे केले. आई तरुणपणी या काठाला आली, वडिलांनी तिच्यासाठी घर बांधले, पन्नास वर्षे सरली, पण बन, पूल आणि होडी जागच्या जागी आहेत, असा त्याचा आशय.

नीलगिरीवर गाणे? तुम्हांला नवल वाटेल. आपल्याकडे सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधाबांधावर नीलगिरी लागली आणि मग पाणी पिते म्हणून तिला नावे ठेवली गेली. तिथे तिला याच गुणासाठी आणले. हादेरा ही वसाहत १८९१ मध्ये वसली ती दलदलीच्या काठी. हिवतापाने तिथली शेकडो माणसे मेली. मग चर खणले, पाणी काढले आणि ऑस्ट्रेलियातून आलेली ही झाडे दलदलीत लावली. झाडाने एकट्याने दलदल आटवली असे नाही, चरांचे काम मोठे. पण माणसांच्या आठवणीत राहिले ते झाड. जागा बदलली की झाडाचा गुणदोष बदलतो, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे.

नुसत्या हौसेने चालत नाही, याचाही दाखला तिथेच मिळाला. कार्मेलवर मोठ्या प्रमाणात पाइन लावलेले आहेत. लवकर वाढतात, हिरवे दिसतात. पण त्यांत राळ असते. २०१० च्या डिसेंबरात तिथे वणवा लागला, चार दिवस जळत राहिला आणि त्यात ४४ माणसे गेली. एकाच जातीची दाट लागवड आणि कोरडा वारा, यांचे कसे जमते ते तेव्हा दिसले.

खारकेची बी

दक्षिणेकडे अरावा खोऱ्यात उतरलो, की सगळे वैराण. मधेच खजुराच्या बागा, सरळ रेषेत. इथल्या एका झाडाची कथा ऐका.

शनिवारच्या स्तोत्रात ज्या खजुराची उपमा आहे, तो जुना यहुदी खजूर एके काळी फार नामांकित होता. काळाच्या ओघात तो वाण नाहीसा झाला. गाण्यात राहिला, जमिनीत राहिला नाही. १९६० च्या दशकात मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याचे उत्खनन झाले. त्यात खजुराच्या बिया सापडल्या, सुमारे दोन हजार वर्षांच्या. चाळीस वर्षे त्या खोक्यात पडून होत्या. डॉ. सारा सलोन यांनी त्यांतल्या काही मागून घेतल्या आणि केतुरा या वसाहतीतल्या एलेन सोलोवे यांनी कोमट पाण्यात भिजवून त्या लावल्या. दिवस कोणता निवडला? २००५ ची तू बिश्वात. काही आठवड्यांनी एका बीला कोंब आला. झाडाचे नाव ठेवले मेथुसेलाह, जुन्या ग्रंथातला सर्वांत दीर्घायुषी माणूस. पण ते निघाले नर, आणि खजुरात नर-मादी वेगळे. फळ कसे धरणार? मग आणखी जुन्या बिया लावल्या, त्यांतून मादी झाड मिळाले, त्याचे नाव हन्ना. मेथुसेलाहचे पराग हन्नाला दिले आणि २०२० मध्ये शंभरावर खारका हाती आल्या.

बी-बियाणे खात्यात तीस वर्षे उगवणशक्तीच्या चाचण्या पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून काय वाटले असेल, ते तुम्हीच समजा.

बेर्शेव्हातला मलिदा

या सगळ्याचा आपल्याशी जो सरळ धागा आहे तो आता सांगतो. बेर्शेव्हा हे वाळवंटाच्या तोंडाशी असलेले शहर. पाऊस वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर, आपल्या माण-आटपाडीपेक्षाही कमी. तिथे एका घरी आम्हांला जेवायला बोलावले होते. दार उघडले ते सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनी, आणि म्हणाल्या, "या, या. पाय धुवायला पाणी देऊ का?" अस्सल अलिबागची मराठी.

या आजी बेने इस्राएल समाजाच्या. पुरातन काळी नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश, अशी या समाजाची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. आज भारतात काही हजारच उरली आहेत. पण तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, ते केवढे मोठे काम! आजी १९६० च्या दशकात गेलेल्या. त्यांच्या तोंडी अजून रायगड नाही, कुलाबा जिल्हा.

तू बिश्वात होऊन चारच दिवस झाले होते, पण पाहुण्यांसाठी त्यांनी पुन्हा मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, आणि वर फळे रचलेली. मलिदा हा एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात. हा एलियाहू कार्मेल डोंगरावरचा. दुष्काळ पडला असता त्याने प्रार्थना केली आणि समुद्रावरून तळहाताएवढा ढग आला, अशी त्याची कथा आहे. कोकणातल्या घाणेवाल्यांनी पावसाच्या संदेष्ट्याला पोहे-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवावा, हे मला फार समर्पक वाटले.

आजींनी एकेक फळ हाती घेऊन आशीर्वचन म्हटले. झाडाच्या फळाचे वेगळे, जमिनीच्या फळाचे वेगळे, सुवासाचे वेगळे. केळ घेतले तेव्हा त्यांनी जमिनीचे म्हटले. मी विचारले, तर म्हणाल्या, "केळ कुठं झाड आहे साहेब? घड दिला की संपली." वनस्पतिशास्त्रातही केळ हे झाड नव्हे, मोठे कंदवर्गीय रोप आहे. आमच्या महाविद्यालयात हे शिकायला एक तास लागला होता.

मग एलियाहूचे गाणे झाले. नातवंडांनी बदामाचे म्हटले. आजी म्हणाल्या, "माझं मराठी त्यांना येत नाही, त्यांचं हिब्रू मला अर्धं कळतं. पण मलिद्याला कुणी नाही म्हणत नाही." निघताना त्यांनी मला बाजूला घेतले. "आमच्या वाडीत विहिरीजवळ रातांबा होता. सासूबाई त्याची आमसुलं करीत. कधी गेलात तिकडं तर तेवढं बघा."

खंडाळ्याचा खडक

पुढच्या हिवाळ्यात मी अलिबागला गेलो. इस्राएल आळीत सिनेगॉग आहे. जवळच खंडाळे गावात एक खडक आहे, त्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. संदेष्टा तिथे अवतरला आणि त्याच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा. तो दिवस परंपरेने तू बिश्वातच मानतात. मुंबई-ठाण्याहून माणसे येतात, मलिदा होतो. पूर्वी मराठीतून कीर्तनेही होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाने ती सुरू केली होती. भोवती नारळ-पोफळीच्या वाड्या, माडांतून समुद्राचा आवाज. कार्मेलवरही समुद्र तसाच खाली दिसत होता.

आजींच्या गावीही गेलो. वाडीत बंगला झाला आहे. विहीर आहे, रातांबा नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पायाच्या आड येत होता, तोडला." घरी आल्यावर मी आजींना दूरध्वनी केला आणि आहे ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "विहिरीला पाणी आहे ना?" म्हटले, आहे. "मग होईल पुन्हा काही," म्हणाल्या.

वाचकहो, आपल्याकडे झाडांची गाणी काय कमी आहेत? जात्यावरच्या ओव्या आहेत, तुकोबांचा वृक्षवल्लींचा अभंग आहे. सण तर किती! पण वटपौर्णिमेला आपण बाजारातून वडाची फांदी विकत आणतो आणि दसऱ्याला आपट्याच्या डहाळ्या ओरबाडतो. पूजा आहे, गाणे आहे, लावणी नाही. उलट १९५० पासून वनमहोत्सवात लावणी आहे, पण गाणे नाही; म्हणून खड्डा लक्षात राहतो आणि झाड विसरते. मी नोकरीत त्याच खड्ड्यात तिसऱ्यांदा रोप गेलेले पाहिले आहे.

त्यांच्या तलमूद ग्रंथात एक म्हातारा कॅरोबचे रोप लावतो. फळ सत्तर वर्षांनी येणार म्हणतात. तो सांगतो, मी जन्मलो तेव्हा माझ्यासाठी झाडे उभी होती. आपल्या गावात चिंच, फणस लावणारे आजोबा हेच सांगत आले.

तेव्हा यंदा मृगाचा पाऊस लागला, की घरातल्या प्रत्येक पोराच्या नावाने एकेक झाड लावा: चिंच, जांभूळ, आवळा, कोकणात रातांबा. रोपवाटिकेतून घ्याल तर रातांब्याचे मादी कलम मागा, बियाचे निम्मे नर निघतात. खड्डा उन्हाळ्यातच दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल घेऊन तापू द्या. आणि रोप लावताना घरातल्या आजीला तिच्या आठवणीतली झाडाची एक ओवी म्हणायला लावा. पोरांकडून ती पाठ करून घ्या. दरवर्षी त्याच तिथीला, त्याच झाडाजवळ ती पुन्हा म्हणवून घ्या.